सरांच्या नावाने निधी उभारताना

शोकसभेत कुणीतरी उठून म्हणतंच, "सरांच्या नावाने काहीतरी केलं पाहिजे." सगळे माना डोलावतात, रात्री व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एखादा उत्साही विद्यार्थी तिथे स्वतःचा जीपे नंबर टाकतो. तो नंबर आधी काढायला लावा. बाकीचं त्यानंतर.

मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. आमचे सर शेतीच्या अर्थशास्त्रातले. १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी, खेड्यातली कर्जं हे त्यांचे विषय. त्यांच्या माघारी आम्ही विद्यार्थ्यांनी संशोधनासाठी निधी उभा केला आणि चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून ज्यांना ज्यांना आपापल्या सरांच्या किंवा मॅडमच्या नावाने निधी काढायचा असतो, ते फोन करतात. दरवेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदाचं लिहून काढलं. सरांचं नाव देत नाही. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, ते आवडणार नाही, आणि तुमचे सर वेगळे असणार.

तर, जीपे नंबर का काढायचा? कुणाच्याही बचत खात्यात "सरांच्या फंडाचे" म्हणून दोन-चार लाख जमले की आयकरवाल्यांच्या लेखी ते त्याचेच पैसे. त्याला हिशेब देता देता नाकी नऊ येतात, आणि देणाऱ्याला पावतीही मिळत नाही. सुरुवातीला पैसे गोळा करूच नका, शब्द गोळा करा. एक तक्ता करा: नाव, कोणत्या वर्षीची बॅच, किती देणार, एकदाच की दरवर्षी, पॅन, आणि पासपोर्ट भारताचा की दुसऱ्या देशाचा. शेवटचा रकाना बघून लोक भुवया उंचावतात. तो किती कामाचा आहे ते पुढे येईलच. शोकसभेच्या भरात दिलेल्या शब्दांतले बरेच हवेत विरतात हेही धरून चाला. निम्मे आले तरी गंगेत घोडं न्हालं.

नाव राहायला हवंय की काम?

हा प्रश्न पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवा आणि उत्तर कागदावर उतरेपर्यंत कुणाला उठू देऊ नका. नाव राहायला हवं असेल तर सोपं आहे: फोटो, हार, वर्षातून एक व्याख्यान, एक पदक. काम राहायला हवं असेल तर खर्चाची कलमं पार बदलतात.

व्याख्यानमाला वाईट असं मी म्हणत नाही. गोखले इन्स्टिट्यूट ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था १९३० मध्ये उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीवर, आणि त्यांच्या नावाचं व्याख्यान तिथे होत आलं. २९ जानेवारी १९३९ ला पुण्याच्या गोखले हॉलमध्ये डॉ. आंबेडकर बोलले ते याच व्याख्यानात. विषय होता 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम', म्हणजे संघराज्य की स्वातंत्र्य. आज ते वाचायला मिळतं, कारण ते छापलं गेलं. व्याख्यान ठेवणार असाल तर वक्त्याच्या मानधनाइतकीच रक्कम छपाईला काढून ठेवा, आणि लिखित भाषण हातात पडल्याशिवाय मानधन देऊ नका. नाहीतर मागे उरतं ते शाल-श्रीफळ आणि चहा-बिस्किटांचं बिल.

पारितोषिकाबद्दल माझं मत जरा कडू आहे. एम.ए.ला पहिल्या आलेल्या मुलाला आणखी एक पदक देऊन सरांच्या संशोधनाला काय मिळतं? आणि ते एखाद्या पेपरला बांधलं तर खेळ खलास. "'सहकार' या विषयात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्यास" असं लिहून दिलेल्या जुन्या देणग्या आहेत. अभ्यासक्रम बदलला, तो पेपर गेला, देणगी नुसती पडून राहिली. द्यायचंच असेल तर विषयाचं नाव न घालता "ग्रामीण अर्थव्यवस्थेसंबंधीच्या प्रत्यक्ष पाहणीवर आधारित प्रबंधास" असं काहीतरी मोकळं लिहा. (ज्याला सगळे अर्थशास्त्राचं नोबेल म्हणतात, तेही स्मृतिपारितोषिकच. नोबेलच्या मृत्युपत्रात अर्थशास्त्र नव्हतंच. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये त्याच्या स्मरणार्थ पैसे दिले आणि १९६९ मध्ये पहिलं पारितोषिक दिलं. तेव्हा पारितोषिकानेही नाव होतं, फक्त पाठीशी मध्यवर्ती बँक असली तर बरं.)

आम्ही दोनच कामं धरली. एक, सरांचे कागद नीट लावणं. दोन, दरवर्षी एका-दोघा विद्यार्थ्यांना गावात जाऊन पाहणी करायला पैसे देणं. जिल्ह्याच्या कॉलेजातल्या पोरांची पाहणी अडते ती फार छोट्या खर्चांवर: एसटीचं भाडं, प्रश्नावल्यांच्या झेरॉक्स, गावात चार रात्री राहायची सोय, सोबत येणाऱ्या मुलीचा भत्ता. त्याला मोठी फेलोशिप लागत नाही. वीस-पंचवीस हजार वेळेवर हातात पडले तर तो प्रबंध इंटरनेटवरचे तक्ते उतरवून होत नाही, गावातून होतो.

गठ्ठे

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण निधी काढणारे बहुतेक जण याचा विचारच करत नाहीत. आम्हीही बैठकीत व्याख्यानावरच वाद घालत बसलो होतो. तेव्हा काकू चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "फोटोला हार घालायला मी आहे. तुम्ही त्या माळ्यावरच्या गठ्ठ्यांचं काय ते बघा."

माळ्यावर रुमालात बांधलेले गठ्ठे होते. फुलस्केपवर सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नावल्या, एका कुटुंबाला एक. डाव्या बाजूला छापील प्रश्न, उजवीकडे निळ्या शाईत आकडे, आणि समासात सरांची पेन्सिल. एका पानावर 'रोजगार' या रकान्यात पाझर तलावाच्या कामाचे दिवस लिहिलेत, त्याशेजारी बारीक अक्षरात: "हजेरीपटावर नवऱ्याचं नाव. काम हिने केलं." दुसऱ्या एका पानावर: "मिलोने पोट बिघडतं म्हणते. सुकडी पोरांना देते." (मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा पूरक आहार.) छापलेल्या अहवालात यातलं काही आलेलं नाही, तिथे फक्त सरासरी आहे. सरांचं संशोधन पुढे न्यायचं म्हणजे काय, तर ती सरासरी ज्या पानांतून निघाली ती पानं पुढच्या माणसाला उघडता आली पाहिजेत.

पुण्यालगतच्या पिंपळे सौदागरचं उदाहरण मी नेहमी देते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी तिथल्या शेतांची, तुकड्यांची, कर्जांची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. १९२१ मध्ये ना. वि. कानिटकरांच्या सोबतीने दुसरं, जातेगाव बुद्रुकवर. आज पिंपळे सौदागरात आयटीवाल्यांचे टॉवर आहेत, आणि तिथे कधीकाळी जमिनीचे किती बारीक तुकडे पडले होते हे कुणाला बघायचं झालं तर मॅनकडेच जावं लागतं. तुमच्या सरांनी १९७३ किंवा १९८६ मध्ये पाहिलेलं गावही असंच कधीतरी ओळखू न येण्याइतकं बदलणार आहे.

आता प्रत्यक्ष काम. गठ्ठा सोडताना तो ज्या क्रमाने बांधला होता तो क्रम मोडू नका; कोणत्या गठ्ठ्यातलं कोणतं पान, हे आधी वहीत लिहा. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, कागद फाटतो. पान पालथं करून, बोथट सुरीने टाचणीची टोकं वर करून हळूच काढा आणि पानं सुती दोऱ्याने सैल बांधा. सेलोटेप लावायचा नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. मऊ ब्रशने धूळ झाडा. कसर लागलेला गठ्ठा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. स्कॅन रंगीत करा, ३०० डीपीआयला. काळ्या-पांढऱ्यात पेन्सिल उठत नाही, आणि आमच्या सरांची निम्मी अक्कल पेन्सिलीत होती. फाइलला नाव देताना गाव, वर्ष, कुटुंब क्रमांक, पान असा एकच क्रम सगळीकडे ठेवा. "स्कॅन नवीन फायनल २" असली नावं सहा महिन्यांनी स्वतःलाच कळत नाहीत. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात.

सगळ्यात आधी शोधायची ती संकेतसूची. प्रश्नावलीत 'कर्ज कोणाकडून' याखाली नुसता ५ लिहिलेला असतो. ५ म्हणजे सावकार, सोसायटी की सोयरा, हे सांगणारा एक कागद कुठेतरी असतो. तो नसला तर उरलेला गठ्ठा रद्दी. सापडला नाही तर त्या वेळचे अन्वेषक शोधा, म्हणजे सरांसोबत गावोगाव फिरलेली तेव्हाची पोरं. आज ती सत्तरीच्या घरात आहेत. हे काम पैसे जमेपर्यंत थांबवू नका.

दोन पथ्यं. त्या पानांवर माणसांची नावं आहेत, जात आहे, कोणाकडून किती टक्क्यांनी कर्ज घेतलं ते आहे. सावकाराचा नातू आज त्याच गावचा सरपंच असू शकतो. तेव्हा बाहेर द्यायच्या प्रतीत नावांच्या जागी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची किल्ली ग्रंथपालाच्या कुलपात. दुसरं, हक्क. न छापलेल्या लिखाणाचा कॉपीराइट वारसांकडे जातो आणि ते पहिल्यांदा छापलं गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. घरच्यांनी तोंडी "घेऊन जा" म्हटलं तरी सगळ्या वारसांच्या सहीचा साधा कागद करून घ्या: मूळ कागद कुठे ठेवणार, कोण बघू शकणार, छापायला कोणाची परवानगी लागणार. एखादी पाहणी सरकारी किंवा एखाद्या संस्थेच्या प्रकल्पातली असेल तर हक्क त्यांचेही असू शकतात. जुना करार शोधा.

घर कोणाचं?

निधी स्वतंत्र ट्रस्ट म्हणून काढायचा की एखाद्या संस्थेच्या पोटात ठेवायचा? ग्रुपवर सगळ्यांना स्वतंत्र ट्रस्ट हवा असतो. लेटरहेड छान दिसतं. माझा सल्ला असा की पंचवीस-तीस लाखांच्या खाली असाल तर त्या फंदात पडू नका.

ट्रस्ट म्हणजे काय काय, ते ऐका. विश्वस्तपत्र करायचं, स्टॅम्प लावायचा, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत ३ महिन्यांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा. मग दरवर्षी लेखापरीक्षण. एखादा विश्वस्त वारला, कुणी मुलाकडे बंगळूरला गेलं, की ९० दिवसांत बदल अर्ज. हा बदल अर्ज भल्याभल्यांना नडतो. दहा वर्षांत तीन विश्वस्त बदलले आणि एकही अर्ज गेला नाही, असं झालं की बँक नव्या माणसाची सही घेत नाही आणि निधी आहे तिथे गोठतो. शिवाय आयकराकडची नोंदणी वेगळी. पहिली तात्पुरती, ३ वर्षांची. पुढचीही ठरावीक मुदतीचीच. तारीख चुकली की करमाफी धोक्यात. जुन्या कायद्यात हे १२एबी (संस्थेची करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याची करसवलत) म्हणून ओळखीचं होतं. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आल्याने क्रमांक बदलले, तेव्हा सीएकडे जाताना जुनं पाठांतर नेऊ नका.

हे सगळं करायला वर्षानुवर्षं एक माणूस लागतो. तुमच्यात तसा पस्तिशीचा कुणी आहे का, ते बघा. सगळे साठीच्या पुढचे असाल तर उत्तर मिळालं.

संस्थेच्या पोटात ठेवायचं ठरलं तर जुनं कॉलेज, विद्यापीठाचा विभाग, संशोधन संस्था किंवा विषयाची परिषद, कुठेही जा. पण पत्र देऊन चेक फाडून येऊ नका. एका कॉलेजात जुनी देणगी कशासाठी होती हे सांगणारं पत्रच मिळेना, आणि प्राचार्य, हेडक्लार्क, सगळे बदललेले, हे मी पाहिलंय. करारनामा करा. त्यात एवढं आलंच पाहिजे: हिशेबवहीत निधीचं स्वतंत्र खातं, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज उरलं तर ते याच निधीत राहील, संस्था व्यवस्थापन खर्च म्हणून किती टक्के कापणार, निवड समितीत संस्थेचे किती, विद्यार्थ्यांचे किती, घरचा एक, हिशेबाचं एक पान दरवर्षी कोणत्या तारखेपर्यंत कोणाला पाठवणार, विभाग बंद झाला किंवा संस्था विलीन झाली तर पैसे कुठे जाणार. शेवटच्या कलमावर संस्थाचालकांचं तोंड वाकडं होतं. होऊ द्या. निवड समितीवर घरच्यांपैकी एकच माणूस ठेवा. काकूंनी आम्हाला हे स्वतःहून सांगितलं, सगळ्या घरांत सांगत नाहीत.

व्याजाचं गणित, सरांनीच शिकवलेलं

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाच्या नावाचा निधी महागाईने खाल्ला तर शोभत नाही. १९९० च्या दशकात ठेवीवर १२ टक्के व्याज सहज मिळायचं, तेव्हाच्या दहा-दहा हजारांच्या देणग्यांतून खरंखुरं काहीतरी होत असे. आज त्याच देणगीच्या वर्षाच्या व्याजात पाहुण्याच्या रिक्षाचे पैसे निघाले तरी खूप.

२० लाखांचं उदाहरण घ्या. ७ टक्क्यांनी वर्षाला १,४०,००० येतात. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे. ते पाळलं गेलं असं धरलं तरी मुद्दलाची किंमत टिकवायला ८०,००० परत आत घालायला हवेत. फिशरच्या समीकरणाने, म्हणजे व्याजातून महागाई वजा करून, खर्चायला उरतात ६०,०००. इथपर्यंत बी.ए.चं पहिलं वर्ष. पण आयकराचा नियम उलट्या बाजूने ओढतो. धर्मादाय संस्थेने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम कामावर खर्च करायची, विनाअट बाजूला टाकता येतात ते १५ टक्केच. म्हणजे १,४०,००० पैकी १,१९,००० खर्चा आणि २१,००० ठेवा. ८०,००० हवेत, २१,००० राहतात. खड्डा ५९,००० चा.

यातून वाटा तीन. ठरावीक कामासाठी ५ वर्षांपर्यंत रक्कम साठवायची सोय आहे, त्यासाठी वेळेत अर्ज भरावा लागतो. गठ्ठ्यांच्या स्कॅनिंगसारख्या मोठ्या कामाला ती बरी. दुसरी, मोठ्या संस्थेच्या पोटात असाल तर ८५ टक्क्यांचा हिशेब संस्थेच्या एकूण उत्पन्नावर होतो, तुमच्या एकट्या खात्यावर नाही, म्हणून व्याजातला भाग मुद्दलात वळवणं तिथे सोपं जातं. स्वतंत्र ट्रस्ट नको म्हणते त्यामागे हेही कारण आहे. तिसरी वाट सगळ्यांत साधी: दरवर्षी मुद्दलात नवी भर. साठ माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला हजार-हजार दिले की ६०,००० झाले, खड्डा भरला. म्हणून तक्त्यात "एकदाच की दरवर्षी" हा रकाना होता. एकदा लाख देणाऱ्यापेक्षा दरवर्षी न चुकता हजार देणारा मला जास्त जवळचा.

मुद्दलासाठी दिलेल्या पैशासोबत देणाऱ्याचं पत्र हवंच: "ही रक्कम निधीच्या मुद्दलासाठी आहे." हे एक वाक्य नसलं तर ती रक्कम चालू उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावरही ८५ टक्क्यांचा नियम चालतो. छापील मजकूर तयार ठेवा, देणाऱ्याने फक्त सही करायची. २,००० च्या वर रोख घेऊ नका, देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. आणि नव्या कररचनेत गेलेल्यांना देणगीवरची ही सवलत नसतेच; आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर मार्चमध्ये फोन येतात.

ठेवायचे कुठे? कायदा सांगतो तिथेच: शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे. अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं एकाच सहकारी बँकेत टाकू नका. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ मध्ये परवाना गेला. मधली वर्षं ठेवीदारांनी कशी काढली ते पुणेकरांना विचारा. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, आणि संस्थेच्या पोटात असाल तर ठेवीदार म्हणजे ती अख्खी संस्था, तुमचा निधी नव्हे.

परदेशातली मंडळी

आता तो पासपोर्टचा रकाना. सरांचे विद्यार्थी न्यू जर्सीत असतात, सिंगापूरला असतात, आणि त्यांचं मन मोठं असतं. ज्याच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे, त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्याचे ठरतात, मग ओसीआय कार्ड असो की घरी रोज वरणभात असो. त्याच्याकडून शंभर डॉलर घ्यायचे तरी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे यायला हवेत ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यात. नव्या ट्रस्टला ही नोंदणी सहसा मिळतच नाही. आधी ३ वर्षं काम आणि त्यात १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परकीय देणगी दुसरीकडे वळवता येत नाही. "माझ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो देईल" ही युक्ती सुचवणारा प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला प्रेमाने गप्प करा. अशा मंडळींना दुसरं काम द्या: विद्यार्थ्यांचे मसुदे वाचायचे, आकडेवारीचं सॉफ्टवेअर ऑनलाइन शिकवायचं. आमच्याकडे हे पैशापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मागायचं कसं

फॉरवर्ड केलेल्या आवाहनावर हात जोडलेले इमोजी येतात. पैसे येतात ते फोनवर किंवा नाव घालून लिहिलेल्या पत्रावर. प्रत्येक बॅचमधला एक जण धरा, त्याने आपल्या बॅचला फोन करायचे. पत्रात सरांच्या थोरवीवर एकच परिच्छेद, बाकी काम. आमच्या पत्राचा मधला भाग असा होता:

"सरांनी पाहिलेल्या गावांपैकी एका गावाची पुन्हा पाहणी यंदा एक विद्यार्थिनी करणार आहे. प्रवास, राहणं, छपाई आणि एका मदतनिसाचा भत्ता यासाठी तिला २५,००० लागतील. तुमच्यासारख्या पंचवीस जणांनी दरवर्षी १,००० रुपये दिले तर अशी एक पाहणी दरवर्षी होऊ शकते. हिशेब दर जूनमध्ये तुम्हाला घरपोच येईल."

देणाऱ्यांची यादी छापाल तेव्हा आडनावाप्रमाणे, रकमा न घालता. रकमा छापल्या की कमी देणारा पुढच्या वर्षी देत नाही.

द्यायचं कसं, आणि कधी

वेळापत्रक शेतीकडे बघून ठरवा, विद्यापीठाच्या परिपत्रकाकडे बघून नव्हे. बीडमधल्या गावात पाहणी असेल तर दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघून जातात. घरी म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. मग कुटुंबाच्या मजुरीचं उत्तर आजी देते. म्हणून जूनमध्ये अर्ज मागवा, गणपतीपर्यंत निवड संपवा आणि पहिला हप्ता दसऱ्याआधी खात्यात पडू द्या.

अर्ज दोन पानांचा: प्रश्न काय, गाव कोणतं, तेच का, किती घरं, खर्च किती. मार्गदर्शकाचं शिफारसपत्र मागू नका, ती सगळी सारखीच असतात. त्याऐवजी अर्जदाराला एकदा फोन करा आणि विचारा, गावात पहिल्या दिवशी कोणाच्या घरी जाणार? उत्तरावरून सगळं कळतं. पैसे दोन हप्त्यांत. दुसरा हप्ता आकडेवारीची फाइल, तिची संकेतसूची आणि दहा पानी मराठी सारांश आल्यावर. तो सारांश गावात, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत, वाचून दाखवायचा, ही आमची अट आहे. गावकरी चुका काढतात. काढाव्यातच. खर्चाच्या पावत्यांबाबत फार ताणू नका; वस्तीवर दिलेल्या चहाची पावती कुणी देत नाही. पाचशेच्या खालच्या खर्चाला स्वतःच्या सहीचं व्हाउचर चालवा, ऑडिटरशी हे आधी बोलून घ्या.

आणि करारनाम्यात एक ओळ घाला: सरांच्या निष्कर्षांच्या विरोधात जाणाऱ्या संशोधनालाही हा निधी तितकाच खुला राहील. भक्तमंडळींना ही ओळ टोचते. पण दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांचा दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये आला, त्यांनी माणशी दिवसाला २२५० उष्मांकांवर दारिद्र्याची रेषा आखली, आणि मिन्हासांसारख्या दुसऱ्या अर्थतज्ज्ञांचे आकडे वेगळे निघत होते म्हणून पुढे कित्येक वर्षं त्यावर घमासान चाललं. त्या वादामुळेच तो अभ्यास आजच्या विद्यार्थ्यालाही वाचावा लागतो. आमच्याकडे एका मुलीने सरांच्याच गावात जाऊन, हजेरीपटावरच्या नावांबद्दल त्यांनी काढलेला एक निष्कर्ष निम्म्या घरांना लागू पडत नाही असं दाखवलं. समितीत कुरबुर झाली. तिचा दुसरा हप्ता मी त्याच आठवड्यात पाठवला.

निधी कायमचाच हवा, असंही काही नाही. जमले ते आठ-दहा लाखच, आणि दरवर्षी भर घालणारं कुणी दिसत नसेल, तर व्याजावर रडतखडत चालवण्यापेक्षा दहा वर्षांत मुद्दलासकट संपवायचा निधी करा. कागद लावून होतील, दहा-पंधरा पाहण्या होतील. तसं करायचं तर करारनाम्यात "मुद्दलाला हात लावायचा नाही" हे कलम घालू नका, त्याजागी शेवटचं वर्ष घाला. आणि देणाऱ्यांकडून मुद्दलाचं ते पत्रही घेऊ नका. सीएला हे पहिल्याच भेटीत सांगा, कारण पावत्यांचा मजकूर त्यावर ठरतो.